लांडग्याच्या तोंडचं कन्नड

चिकपेट, बेंगळूर
१७ जानेवारी १९९३

प्रिय महांतेश,

काकांची पिठाची गिरणी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मार आणि मिळेल ती बस धरून ये. मला सिनेमा मिळालाय. मला! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात क्लॅप धरून उभा राहणाऱ्याला!

पैसे शिवाप्पा घालतायत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खिळे-बिजागऱ्यांचं होलसेल दुकान आहे ना, तेच शिवाप्पा. म्हणाले, "प्रेमाचा पिक्चर नको, भुताचा पण नको, ते सगळेच काढतात. वेगळं काय आहे सांगा." मी दुकानातच खिळ्यांच्या पोत्यावर बसून त्यांना लांडगा सांगितला. ऐकता ऐकता त्यांनी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

गोष्ट अशी. यल्लाप्पा म्हणून एक माणूस, दुष्काळात उत्तरेकडनं बेंगळूरला आलेला. हेब्बाळकडे नव्या इमारतीवर वॉचमन. गावी असताना त्याला लांडगा चावलाय, आणि पौर्णिमेला तो स्वतःच लांडगा होतो. या शहरात असे आणखीही आहेत. कुणी हमाल, कुणी हॉटेलात टेबलं पुसणारा. पौर्णिमेला ते एकमेकांना वासानं ओळखतात. बाकीच्या दिवशी त्यांना कुणीच ओळखत नाही. नाव ठेवलंय 'ऊरिगे बंद तोळ', गावात आलेला लांडगा.

यल्लाप्पा तूच. दुसरा कुणी माझ्या डोळ्यांपुढं आलाच नाही. तुमच्या चिकोडीकडचं ते ठसक्याचं कन्नड, तुझा तो खालच्या पट्टीतला आवाज कानात धरूनच सगळे संवाद लिहिलेत. इथल्या फॅक्टरीत कामाला असताना तू आमच्या वरच्या खोलीत राहायचास, ती अजून रिकामीच आहे. आई म्हणते, "त्याला म्हणावं अंथरूण आणू नको, इथं आहे."

तुमच्या घरी मराठी म्हणून मराठीत लिहितोय, वाचून हसू नकोस. तसा तू कधी हसला नाहीस म्हणा. गणपतीच्या मराठी नाटकात 'थोडं' म्हणायचं सोडून मी कन्नडातलं "स्वल्प थांबा महाराज" म्हणालो आणि सगळी माणसं हसायला लागली, तेव्हा तू तलवार टेकून गंभीरपणे म्हणालास, "थांबतो. पण स्वल्पच." लोकांना वाटलं, नाटकातच तसं आहे.

ये लवकर.

तुझा
गिरी


बेंगळूर
९ जून १९९३

प्रिय महांतेश,

पोचल्याचं कार्ड मिळालं. चेहऱ्यावरचं पुरळ गेलं का? दाढी-मिशा चिकटवायच्या त्या गोंदानं तुझी कातडी सोलून काढली. आई मला रोज बोलते. तिनंच घोंगड्या शिवून लांडग्याचं कातडं केलं, आणि ते इतकं गरम होईल हे तिच्या ध्यानात आलं नाही म्हणून तिलाच वाईट वाटतंय.

एडिटिंग सुरू झालंय. हेब्बाळच्या तळ्याकाठी भर दुपारी काढलेली पौर्णिमेची रात्र खरोखर रात्रीसारखी दिसते! कॅमेऱ्यापुढं निळी काच लावली, बस्स. उन्हात घोंगडीत तू घामानं निथळत होतास आणि ते मासे पकडणारे तुला ताक देऊन गेले, ते काही पडद्यावर दिसत नाही.

दाराचा सीन मी पुन्हा पुन्हा बघतो. चंद्र वर यायच्या आधी यल्लाप्पा बायको-मुलीला खोलीत घालतो, बाहेरनं बोलतो, "दार उघडू नको. मी रडलो तरी उघडू नको. पोरीचं नाव घेऊन हाक मारली तरी उघडू नको." तुला ठाऊक नसेल, त्या दिवशी आई चहाची किटली घेऊन आली होती. तुझं बोलणं संपल्यावर ती गुपचूप सेटच्या मागं गेली आणि त्या खोट्या दाराची कडी नीट लागलीय का ते बघून आली.

आता डबिंग राहिलं. शूटिंगच्या वेळी घेतलेला आवाज कच्चा असतो, त्यात जनरेटर असतो, कावळे असतात. स्टुडिओत पडद्यावर बघत तुला सगळं पुन्हा बोलायचंय. मद्रासला जायचं. तारीख कळवतो, कपडे भरून ठेव.

गिरी


बेंगळूर
२२ सप्टेंबर १९९३

प्रिय महांतेश,

उशीर झाला लिहायला, रागावू नकोस. मद्रासच्या स्टुडिओची तारीख एकाएकी मिळाली. तुला तार करावी म्हटलं, पण तू येईपर्यंत तारीख गेली असती. तेव्हा डबिंग कसंबसं उरकून घेतलं. तुझ्या भागाचंही झालं, काळजी करू नकोस. या धंद्यात असं चालतंच, मोठमोठ्या नटांचंही होतं.

ज्यांनी बघितलं ते सगळे म्हणतात, चेहरा काय बोलतो या माणसाचा! मी सांगितलं, कंपनी नाटकातला मुरलेला गडी आहे.

शिवाप्पांची थोडी चिडचिड चालू आहे. थिएटरं मिळणं कठीण. असू दे. तू तब्येत सांभाळ.

गिरी


बेंगळूर
३ फेब्रुवारी १९९४

प्रिय महांतेश,

पुढच्या शुक्रवारी सिनेमा लागतोय. केंपेगौडा रोडवर एक थिएटर मिळालंय, फक्त मॅटिनी.

पण तू पहिल्या दिवशी येऊ नकोस, असं मला वाटतं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ असतो. दुसऱ्या आठवड्यात ये, आपण शांतपणे बघू. आणि आईंना आणायचं म्हणतोस, तर एवढा रात्रभराचा प्रवास त्यांना या वयात झेपणार का? कधीतरी निपाणीला पण लागेल, तिथंच दाखव.

मी कामात बुडालोय, म्हणून थोडक्यात.

गिरी


बेंगळूर
२० फेब्रुवारी १९९४

महांतेश,

पहिल्याच दिवशी तू आलास तेव्हा तुला वाटलं असेल, मी थिएटरवर आलोच नाही. आलो होतो.

मॅनेजरच्या खोलीला काच आहे. तिथून तू दिसत होतास. तुझ्या आईला, ठकूकाकूंना, तू जिन्याच्या पायरीवर बसवलंस, त्या नवं लुगडं नेसल्या होत्या. पोस्टरवर लांडग्याच्या कातड्यातला तू होतास, ते तू त्यांना दाखवलंस आणि त्यांनी हात वर करून पोस्टरच्या गालांवरून फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग तू तिकिटाच्या खिडकीवर जाऊन विचारलंस, डायरेक्टर आलेत का. तिथला माणूस नाही म्हणाला. मीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं.

अंधार झाल्यावर मी मागच्या दाराशी येऊन उभा राहिलो. माणसं कमीच होती, म्हणून तुझ्या आईचा आवाज माझ्यापर्यंत आला. यल्लाप्पा पहिल्यांदा बोलला आणि त्या म्हणाल्या, "ह्यो कोण बोलतोय गा? तोंड तुझं हालतंय, मग बोलतोय कोण?"  त्यांनी पुन्हा विचारलं. पुढचा एकजण वळून "शू" म्हणाला.

आणि दाराच्या सीनला लोक हसले. मद्रासला तुझ्या जागी बोललेला तो माणूस आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसा "दार उघडू नको" म्हणाला आणि लोक हसले. तू त्याच वेळी उठलास. आईंचा हात धरून माझ्यापासून चार हातांवरून बाहेर गेलास. मी खांबामागं होतो.

मला वाटलं तू आता भांडायला घरी येशील. तू आलासही, पण मी नसताना. आई सांगते, दोघंही जेवलात. तिनं विचारलं, कसा झालाय सिनेमा? तू म्हणालास, "चांगला झालाय मावशी. कातडं लई शोभतंय."  मग तुम्ही बस धरायला गेलात.

महांतेश, माझं ऐकून घे. शिवाप्पांचं डोकं फिरलं होतं. आम्ही दोन डिस्ट्रिब्यूटरांना कच्च्या आवाजातच सिनेमा दाखवला. तुझं पहिलं वाक्य आलं आणि ते दोघे हसले. म्हणाले, तुमचा लांडगा कॉमेडियन आहे का? आमच्याकडच्या सिनेमात तुमच्याकडचं कन्नड हसवायलाच ठेवतात, तुला ठाऊक आहे. शिवाप्पा घाबरले. पैसा त्यांचा, व्यापारी माणूस, त्यांच्यापुढं माझं काय चालणार? मी खूप सांगून बघितलं.

उत्तर लिही. शिव्या दे, पण लिही.

गिरी


बेंगळूर
११ नोव्हेंबर १९९६

महांतेश,

मधे लिहिलेल्या पत्रांना उत्तर नाही. पत्ता बदलला असता तर ती परत आली असती, म्हणजे मिळतायत.

सिनेमा आठवड्यातच उतरला होता. पेपरात एका ओळीचंही काही आलं नाही, वाईटसुद्धा नाही. निपाणीला तर गेलाच नाही. नंतर कुणीतरी त्याची व्हिडिओ कॅसेट काढली, ती दुकानात खालच्या फळीवर धूळ खात पडलेली असते. मी दोन-तीन सिनेमांच्या मागं लागलो, जमलं नाही. सध्या टीव्हीच्या एका मालिकेवर असोसिएट आहे. सासू-सुना. काम रोज असतं, एवढंच.

शिवाप्पांशी बोलणं बंद आहे. त्यांनी त्या वेळी थोडी हिंमत दाखवली असती तर आपण दोघं आज कुठं असतो! त्यांच्या दुकानावरून जाताना मी पलीकडच्या बाजूनं जातो.

माझं असं झालंय की नवं काही लिहायला बसलं की माणसं बोलतच नाहीत. नुसती येतात, बसतात, जातात.

गिरी


बेंगळूर
१४ जुलै १९९८

प्रिय महांतेश,

आज आनंदाचं लिहायचंय, म्हणून पुन्हा 'प्रिय' लिहितो.

जयनगरच्या एका कॉलेजात राजलक्ष्मी म्हणून बाई शिकवतात. शनिवारी दुपारी त्या एका हॉलमध्ये जुने, कुणी न पाहिलेले सिनेमे दाखवतात. त्यांना आपली कॅसेट कुठल्यातरी दुकानात मिळाली. पत्ता काढत घरी आल्या. बसल्याबरोबर म्हणाल्या, "सिनेमा फार चांगला आहे हो. बेंगळूरवर असा सिनेमा मी दुसरा पाहिला नाही. पण त्या नटाचा चेहरा एक सांगतो आणि आवाज भलतंच. हा आवाज त्याचा नाही ना?"

मी नाही म्हटलं.

"मग त्याचा कुठाय?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आपला साउंडवाला नरसिंह, त्याच्याकडे गेलो. शूटिंगच्या टेपा त्यानं टाकल्या नव्हत्या. माळ्यावर होत्या. दोन खराब झाल्यात, बाकीच्या वाजतात. आम्ही दाराचा सीन लावला. जनरेटर घरघरतोय, लांब कुठंतरी गाडीचा हॉर्न, आणि त्यातनं तू. नरसिंह कधी काही बोलत नाही, तुला ठाऊकच आहे. त्यानं टेप थांबवली आणि म्हणाला, "हे काढून आपण ते घातलं होतं?"

आम्ही व्हिडिओवर तुझा आवाज परत बसवतोय. जिथं टेप खराब आहे तिथं तू येऊन बोलायचंस. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी राजलक्ष्मीबाई दाखवणार आहेत. ठकूकाकूंना घेऊन ये. पहिल्या रांगेत बसवू त्यांना. शिवाप्पांनी जे बिघडवलं ते आपण दोघं नीट करू. झालं गेलं विसर आता.

येतोस ना?

तुझा
गिरी


बेंगळूर
५ ऑक्टोबर १९९८

महांतेश,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत तुझं अक्षर बघितलं आणि आधी आनंदच झाला. मग वाचलं. आता ते पाठ झालंय.

"आई गेल्या वर्षी श्रावणात गेली. सिनेमा बघून आल्यावर गावात कुणी विचारलं की ती सांगायची, त्या दिवशी माझ्या पोराचा घसा बसला होता. शेवटपर्यंत तेच सांगत होती. मी ते कधी मोडलं नाही."

 त्यांना पहिल्या रांगेत बसवायला निघालो होतो मी.

आणि त्याखालचं. "सिनेमा लागला त्याच वर्षी दिवाळीत शिवाप्पा आमच्या घरी आले होते. आईच्या पाया पडले. मला म्हणाले, डिस्ट्रिब्यूटर हसले तेव्हा मी गिरीराजना विचारलं, तुम्ही डायरेक्टर, तुम्ही म्हणाल तसं. महांतेशचाच आवाज ठेवायचा म्हणाल तर ठेवू, बुडालो तर बुडालो. ते म्हणाले, काढू या. हे तू कधी लिहितोस म्हणून मी तुझी पत्रं वाचत होतो. पुढं वाचायचं सोडलं. हे शेवटचं आमच्या घरातल्यांनी फोडलं, म्हणून उत्तर देतोय. सिनेमा दाखव. मी येत नाही."

शिवाप्पांनी सांगितलं ते तसंच आहे, शब्दन्शब्द. त्यात घालायला माझ्याकडं काही नाही. दोन माणसं हसली आणि मी घाबरलो, याहून मोठं कारण मी शोधत राहिलो, ते मिळालं नाही. कार्ड वाचलं त्याच दिवशी त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी गिऱ्हाइकाला बिजागऱ्या मोजून दिल्या, मग मला म्हणाले, "बसा. कॉफी सांगू?" एवढंच. मला वाटलं होतं ते हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

परवा सिनेमा दाखवला. तू नव्हतास, म्हणून खराब टेपेच्या जागी आम्ही काहीच घातलं नाही. तिथं यल्लाप्पाचं तोंड नुसतं हलतं. राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, दुसऱ्याचा आवाज असण्यापेक्षा हे बरं.

सुरू व्हायच्या आधी मी उभा राहून सांगितलं की या नटाचा आवाज मी काढून टाकला होता, निर्मात्यानं नाही. शिवाप्पा मागं बसले होते. लोकांना त्यात फारसं काही वाटलं नाही, त्यांना सिनेमा बघायचा होता. दाराच्या सीनला कुणी हसलं नाही. हॉलमध्ये तुमच्याकडची एक बाई होती, बहुतेक गदगची, ती तुझ्या प्रत्येक वाक्याला हलकेच "हौदू" म्हणून होकार देत होती, जणू तू तिच्याशीच बोलतोयस.

संपल्यावर तिनंच मला गाठलं. "हे आता कुठं असतात?"

म्हटलं, "गावी. पिठाची गिरणी आहे."

"सिनेमा-नाटकात कामं करतात का अजून?"

मला माहीत नव्हतं.

"मुलंबाळं?"

तेही माहीत नव्हतं. तुझं लग्न झालं की नाही हेच मला ठाऊक नव्हतं, महांतेश. इतकी पत्रं लिहिली तुला. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तुमचे मित्र ना?"

तेवढ्यात आई पुढं आली आणि तिला सांगायला लागली. गिरणी आता त्याच्याच नावावर झालीय. बायको सदलग्याची, महानंदा, गुणी आहे. मुलगी शिवानी, यंदा बालवाडीत घातली. नाटक सोडलं त्यानं, पण जत्रेत पोरांचं बसवून देतो. आई गेली तेव्हा फार खचला होता, आता बरा आहे.

 ऑटोत बसल्यावर विचारलं, "तुला हे सगळं कुणी सांगितलं?"

"दर संक्रांतीला घरात गूळ येतो तो कुठनं येतो वाटलं तुला? त्याच्या गावचा कल्लाप्पा लॉरी घेऊन येतो बाजारात. गूळ देतो, बसतो, चहा पितो, सगळं सांगतो. मी इकडचं सांगते."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कधी? त्याचं नाव काढलं की तू आपलंच सुरू करायचास, माझा सिनेमा, माझं असं झालं, शिवाप्पांनी तसं केलं. त्यात मी कुठं सांगू?"

ऑटोवाल्यानं आरशातनं बघितलं. 

घरी आल्यावर आईनं पाय पसरले आणि पाठीला उशी घेतली. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हटलं, सांग आता, पहिल्यापासून. तिनं सांगितलं, महांतेश, तुझ्या लग्नात पाऊस आला आणि मांडव पडला. शिवानीचा जन्म झाला त्या आठवड्यात गिरणीचा पट्टा तुटला. ठकूकाकू शेवटी कुणाला ओळखत नव्हत्या, पण तू हाक मारलीस की मान वळवायच्या. आई बोलत होती. दिवेलागणीची वेळ झाली तरी आम्ही दोघांनीही उठून दिवा लावला नाही.

शिवानीला आशीर्वाद. महानंदावहिनींना नमस्कार.

गिरी